कानापासून ओठांपर्यंतची वाट

दादा गेला तेव्हा मी मंगरूळपीरच्या शाळेत पोरांकडून पाढे म्हणून घेत होते. शेजारच्या शांताबाई वर्गाच्या दारात दिसल्या आणि मी खडू खाली ठेवला... त्याला आता महिना उलटला.

आसेगावातून शिकायला बाहेर पडलेला माझा हा थोरला भाऊ नागपूरला डॉक्टरकीच्या पोरांना शरीररचना शिकवायचा आणि उरलेला सगळा जीव मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात गुंतवायचा. औषधात मुरवलेला मेंदू तो बर्फात गोठवायचा. पाणी गोठताना फुगतं आणि आतले धागे मोकळे करतं. मग बोथट काडीने, अंबाडी सोलावी तशी, एकेक जुडी उलगडत ती कुठून कुठे जाते ते बघत बसायचा. हे मेलेल्याच्याच मेंदूत दिसतं, जिवंत माणसाची त्या काळी एक्स-रेत नुसती कवटी यायची, याची त्याला फार चुटपुट. आई वैतागायची. "मानसाचा मेंदू कायले सोलून राह्यला रे?"

"त्यात वाटा हायेत, माय."

"मंग तुह्या लग्नाची वाट सापडते का पाय त्यात!"

ती काही सापडली नाही. आई गेली, आणि मेंदूला झटका आल्यावर दादा माझ्याकडे राहायला आला. त्याला सगळं समजायचं, आपलं आपण बोलताही यायचं. दुसऱ्याने उच्चारलेला शब्द मात्र परत म्हणता येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "म्हणा, कापूस."

"पाकूस... कासूप..." दादा हसला. कानामागे बोट टेकवून त्याने ते पुढे कपाळाकडे ओढलं आणि मला म्हणाला, "ऐकलेलं तोंडाकडे नेनारी हीच जुडी तुटली. कितीक खेपा सोलली म्या." मी रडले, तो रडला नाही.

तो मोडला संध्याकाळच्या बुद्धवंदनेला. आमच्यात एकाने पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. मी पुढे म्हणायचे, तो माझा शब्द पकडू बघायचा आणि अडखळायचा. एका संध्याकाळी उठून ओसरीत जाऊन बसला. घरात दोनच माणसं, त्यातलं एक असं वेगळं बसणार का आता? दुसऱ्या दिवशी म्हटलं, "दादा, तू म्हन. मी तुह्या मांगून म्हनते." लहानपणापासून पाठ असलेलं त्रिशरण त्याच्या तोंडून सरळ आलं. मग रोज तसंच.

आता मी एकटीच मेणबत्ती लावून बसते. पाठ तर मलाही आहे. पण पहिला शब्द त्याचा होता... तो माझ्या तोंडून निघत नाही.