चुन्याच्या डबीतली काच

फायबर जोडायला बसलो की मी आधी काळं कापड अंथरतो. काळंच, कारण हा काचेचा धागा केसासारखा बारीक. फरशीवर पडला तर ब्रह्मदेवालाही सापडायचा नाही. कापडावर हत्यारं ओळीनं लावतो, स्पिरिट उजवीकडं, जोडायचं मशीन समोर. आमच्या टोळीतले चिडवतात, "ह्यानं पूजा मांडली, आता प्रसाद कधी?" चिडवू देत. मला पसाऱ्याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

ज्या उस्तादांनी मला हे काम शिकवलं ते आमच्या हिंगोलीचेच. दोन गोष्टी त्यांनी डोक्यात ठोकून बसवल्या. पहिली, "काच गिरी तो ढूंडते बैठना नहीं, गिरनेच नहीं देना." दुसरी, धागा मशीनमध्ये बसवताना बोलायचं नाही, श्वाससुद्धा रोखून धरायचा. कापलेलं टोक कशाला नुसतं टेकलं तरी ते वाया जातं.

उस्ताद कापलेले तुकडे पाण्याच्या बाटलीत टाकायचे. मी तंबाखू सोडली तेव्हा माझी चुन्याची डबी रिकामी झाली. खिशात मावते, झाकण टच्च बसतं. मी उस्तादांपेक्षा शहाणा, तुकडे तिच्यात टाकायला लागलो. बायको म्हणायची, "तंबाखू सुटली, पण डबी सुटंना." एवढा टापटिपीचा मी, पण ती डबी कधी घासून धुतली नव्हती. तळाला जुना चुना तसाच चिकटून होता.

डोंगरकडा गावाच्या पुढं एका खेड्यात रस्ता खोदताना जेसीबीनं केबल तोडली, ती बरोबर ग्रामपंचायतीच्या समोर. आठवडाभर इंटरनेट बंद. दाखल्यांसाठी आलेले लोक ओट्यावर बसलेले. मी केबलची दोन्ही टोकं ओढून ओट्यावर घेतली आणि माझी पूजा मांडली.

ग्रामपंचायतीचे शिपाई साठीच्या पुढचे. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, मग मीही. त्यांनी चहा आणून दिला, लोकांना मागं सारलं आणि स्वतः माझ्याजवळ मांडी घालून बसले.

"काहून एवढं जपून राहिले साहेब? तारच हाय ना?"

"तार न्हाई मामा, काच हाय."

"काच? अन् काचंतून फोटू जातेत?" ते हसले. मीही हसलो.

एवढं बोललो, पण तुकडे कुठं टाकतो ते काही सांगितलं नाही. डबी समोरच उघडी होती.

आमच्याकडं पाणी मागून पितात, चुना मागून घेत नाहीत. कुणाची डबी दिसली की बोट घालायचं, त्यात विचारायचं काय? हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? वीस वर्षं मी स्वतः दुसऱ्यांच्या डब्यांत बोटं घातली.

एकूण बारा धागे होते. अकराव्याचं एक टोक मशीनमध्ये बसलेलं, दुसरं कापून माझ्या चिमटीत. श्वास रोखलेला. मामांनी तळहातावर तंबाखू घेतली आणि न बघता डबी उचलली. ते माझ्या मशीनच्या पडद्याकडं बघत होते. बोट जिभेला लावून ओलं केलं आणि डबीत घातलं.

मी ते पाहिलं. डोळ्यांनी स्पष्ट पाहिलं.

आणि मी धागा खाचेत बसवला. नीट, सरळ. मग मशीनचं झाकण लावलं; ते लागलं की जोड आपोआप होतो.

मान वर केली तर मामांनी तळाचा वाळका चुना खरवडला होता आणि बोट पुन्हा ओलं करायला जिभेवर टेकवलं होतं.

"थुंका मामा! थुंका!" मी एवढ्यानं ओरडलो की ओट्यावरचे लोक उभे राहिले. मामांच्या हातावर मी फटका मारला. तंबाखू उडाली, डबी घरंगळत गेली. म्हाताऱ्या माणसाला मारलं म्हणून सगळे माझ्याकडं बघत राहिले.

मामांचा चेहरा उतरला. "मागून घ्यायचा होता का साहेब? चुनाच तर घेतला."

त्यांना वाटलं, मी चिमूटभर चुन्यासाठी मारलं. डबीत काच आहे हे मी कसंबसं सांगितलं. थुंकी गिळू नका म्हणालो आणि त्यांना मोटारसायकलवर घेऊन कळमनुरीचा दवाखाना गाठला. वाटभर मामा तोंड उघडं ठेवून, हनुवटीखाली उपरणं धरून मागं बसले होते. मी आरशात त्यांचं ते उघडं तोंड बघत होतो.

डॉक्टरांनी भिंग लावून जिभेतून दोन तुकडे काढले, बोटातून एक. घसा पुन्हा पुन्हा तपासला. "घशात काही दिसत नाही," ते म्हणाले, "थोडक्यात वाचलात."

गावात परतलो तर लोक अजून ओट्यावरच. मामा सुजलेल्या जिभेनं सगळ्यांना सांगायला लागले, "साहेबाचं ध्यान होतं म्हणून वाचलो. बघितलं की लगीच वरडले. न्हाई तर गिळूनच बसलो असतो."

लगीच. मी खाली मान घालून कापडापुढं बसलो. कुणीतरी मला चहा आणून दिला. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं नाही, आजतागायत नाही.

आता माझ्याकडं पाण्याची बाटली असते, वर लाल पट्टी. काम सुरू करण्याआधी ती हातात धरून जमलेल्या सगळ्यांना दाखवतो, मग बाकी बोलतो. डबी मी त्याच दिवशी खड्डा करून पुरली.

बारावा धागा जोडण्याआधी मशीन चालू केलं तेव्हा पडद्यावर अकरावा जोड होता. झकास बसला होता, मशीननं लॉस, म्हणजे उजेडाची गळती, शून्य दाखवला. तो अजून चालू आहे, त्याच्यावरून गावाचे दाखले निघतात. चिमटीतला धागा तेव्हा सोडून दिला असता तर तो पुन्हा सोलायचा, पुसायचा, कापायचा. दोन मिनिटांचं काम होतं.