उतावळेपणाची दुसरी फेरी

ताईंनी आजवर सात नोकऱ्या सोडल्या होत्या आणि सातही तडकाफडकी. राग नेहमी नाकावर. त्यामुळे घरात पाऊल टाकलं की आई "दमलीस का" वगैरे विचारत नसे. "आहे ना अजून?" एवढंच विचारी.

आठवी नोकरी म्हणजे तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. माणसाचा उतावळेपणा मोजणारी एक परदेशी प्रश्नावली मानसशास्त्राच्या प्राध्यापक मॅडमनी मराठीत आणली होती. भाषांतर भरवशाचं आहे का, हे पाहायला तीच प्रश्नावली त्याच चाळीस माणसांकडून पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा भरून घ्यायची. उत्तरं जुळली की भाषांतर पास. फॉर्म घेऊन दारोदार फिरायचं काम ताईंचं. "ही तरी टिकव गं बाई," असं आईने हात जोडून सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर या वेळी ताईंनाही ती मनापासून टिकवायची होती.

पहिली फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीत मात्र बहुतेक सगळे साधुसंत झाले. 'मी मोठे निर्णय तडकाफडकी घेतो' यापुढे 'नेहमी'वर खूण करणाऱ्या सलूनवाल्याने आता 'कधीच नाही'वर खूण केली होती. असे एकतीस जण.

मॅडमनी दोन्ही गठ्ठे टेबलावर आपटले. "पंधरा दिवसांत माणसं अशी बदलतात? काय केलंस तू?"

"काही नाही. जरा समजावलं."

"कोणाला?"

"ज्याला त्याला. अहो, तो सलूनवाला चालतं दुकान विकायला निघाला होता! बायकोला बोलावून घेतलं, दोघांना समोर बसवलं आणि तासभर झाडलं. डोळ्यांदेखत वाटोळं होऊ द्यायचं का माणसाचं?"

"तू फक्त फॉर्म द्यायचा होतास! सगळं मुसळ केरात गेलं की नाही?"

झालं. ताईंचा हात पर्समध्ये गेला आणि राजीनामा टेबलावर आला. मॅडम तो उलटसुलट करून पाहू लागल्या. व्यवस्थित टाइप केलेला, खाली सही, फक्त तारखेची जागा कोरी.

"हा कधी लिहिलास?"

"रुजू व्हायच्या आदल्या दिवशी. ऐन वेळी घाईत चुका होतात."

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "राजीनामा आधी लिहून ठेवणारी बाई उतावळी कशी म्हणायची, सांग मला!" मग त्यांनी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा पुढे सरकवला. "नवी चाळीस माणसं. पहिल्यापासून. आणि आता तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

ताईंनी राजीनाम्याची घडी घालून तो परत पर्समध्ये ठेवला. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आई दारातच उभी होती. "आहे ना अजून?"

"आहे. फक्त लोकांना काही शिकवायचं नाही, गप्प बसायचं, एवढीच अट."

आई मटकन खाली बसली. "मग गेलीच म्हण की!"