पाण्यातला गणपती

आमच्या सिंदी मेघे गावात भैय्याजींच्या घरी देवघर आहे, पण भैय्याजी तिकडे फिरकत नाहीत. जन्मभर सरकारी कारकुनी केलेला माणूस. सही-शिक्क्याशिवाय आलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नाही. देवाकडे तर दोन्ही नाहीत. त्यांच्या वाट्याची पूजाही कुसुमवहिनीच उरकतात.

मुलगा शुभम मालवाहू जहाजावर इंजिनियर. आमच्या गल्लीनं पाणी पाहिलं ते बोर धरणाचं, आणि वहिनींचं माहेर समुद्रपूर. दर्याशी या घराचा संबंध एवढाच. तर शुभमचं जहाज तांबड्या समुद्राकडे वळलं आणि त्याचा फोन बंद झाला. टीव्हीवर तिकडच्या जहाजांवर हल्ले चाललेले.

"धोक्याच्या पट्ट्यात कंपनी नेट बंद ठेवते. नियम हाये तो," भैय्याजी सगळ्यांना सांगत, आणि पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसत.

वहिनींनी गुपचूप पितळी गणपती पातेल्यात पाण्यात ठेवला. लेकाची खुशाली कळेपर्यंत देवानं बुडून राहायचं. कळली की बाहेर. नवरा हसेल म्हणून त्याला सांगितलं नाही. शेजारच्या मला सांगितलं, यावरून त्यांची माणसांची पारख कळते.

"वहिनी, देवाले सर्दी झाली तं?"

"होऊ द्या. माह्या लेकरापेक्षा नाजूक हाये का तो?"

चतुर्थीला उपाशीपोटी त्या एस.टी.नं केळझरच्या गणपतीला गेल्या. भैय्याजी घरात एकटे. टीव्ही बंद कर, चालू कर, खोलीतून खोलीत फिर. फिरता फिरता देवघरात डोकावले, तर गणपती पातेल्यात. त्यांना वाटलं, बायकोनं घासायला भिजत घातला आणि विसरली. हातांना काम हवंच होतं. चिंच लावून घासला, पुसला, पाटावर बसवला आणि दूध आणायला चौकात गेले.

तेवढ्यात वहिनी परतल्या. थोड्याच वेळात साखरेची वाटी घेऊन माझ्या दारात.

"धर्मेंद्रभाऊ, तोंड उघडा! शुभमचा फोन आला!"

"काय म्हणाला?"

"ते ह्यायले इचारीन आता. देव पाण्यात काऊन हाये, ते ह्यायले समजलंच असन. ह्यायनं बाहेर काढला, म्हंजे आलाच नं!" आणि निघाल्या पुढच्या घरी.

त्यांच्या फाटकाशी मला भैय्याजी भेटले. मी म्हटलं, "भैय्याजी, अभिनंदन! आला नं पोराचा फोन?"

"तिले आला? कुठी हाये तो? बरा हाये नं?"

तेवढ्यात वहिनी रिकामी वाटी घेऊन आल्या.

"तुमीच काढला नं देव बाहेर?"

"काढला. कळकट दिसत होता, म्हून घासला. काऊन?"

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. भैय्याजी हसले नाहीत. वहिनी उघड्या दारातून देवघराकडे बघत राहिल्या.

"पुन्हा ठेवता का पाण्यात?" मी हळूच विचारलं.

"काऊन? गल्लीभर साखर वाटली, पयली चिमूट त्याच्यासमोर ठेवली. त्यानं घेतली. साखर खाऊन आता मागं फिरते का तो?"

चंद्र दिसल्यावर वहिनी पोटभर जेवल्या. फोन बंद झाल्यापासून पहिल्यांदा. भैय्याजींचा घास मात्र तोंडातच फिरत होता.

दोन दिवसांनी दुपारी फोन आला, कुठल्याशा बंदरातून. भैय्याजींनी उचलला. "हॅलो" म्हणाले आणि लगेच फोन तसाच वहिनींपुढे धरला. त्या गवार मोडत होत्या. त्यांनी हातही पुढे केला नाही.

"तुमीच बोला. मले मालूम हाये तो बरा हाये. जेवला का, इचारा."

भैय्याजींनी विचारलं. उत्तर मला कंपाउंडवरून ऐकू आलं नाही, पण त्याची गरज पडली नाही.

"कढी-खिचडी खाल्ली म्हणते!" साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं भैय्याजी ओरडले.