चूलबंद साठ आवतनं

मी अमरावतीत राजापेठेत गणिताच्या शिकवण्या घेतो आणि माझ्या सासरच्या गावात मला हिशोब करायला बंदी आहे.

ही बंदी कुणी ठराव करून घातलेली नाही. सासरची माणसं फार सभ्य. पण गावात कुठे चार माणसं आकडेमोड करत बसली असली आणि मी तिकडे वळलो, की कुणीतरी घाईने म्हणतं, "बापू, तुमी चहा घ्या!" आणि मला चहा घ्यावा लागतो. एका मुक्कामात मी नऊ चहा घेतले आहेत. (मोजणं एवढं एकच काम मला अजून बिनचूक येतं.)

सुरुवात झाली ती माझ्या मुलीपासून. स्वरा सातवीत आहे. गणिताच्या मास्तरची मुलगी असल्यामुळे तिला गणिताचा मनस्वी राग! त्यातही शाब्दिक उदाहरणं म्हटली की तिचं डोकं दुखायला लागतं.

"बाबा, या पुस्तकातली माणसं खोटी आहेत," ती म्हणाली. "आठ माणसं बारा दिवस भिंतच बांधतात. कुणी आजारी पडत नाही, कुणी लग्नाला जात नाही. असं असतं का कुठं?"

"अगं, व्यवहारात याचाच उपयोग होतो!"

"कधी झाला?"

मी विचार केला. आठवेना. नेमका त्याच वेळी मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, फोन आला.

मामाजींचं गाव बाळापूरकडचं. तो सगळा खारपाणपट्टा. जमिनीत पाणी लागलं तरी तोंडात धरवत नाही. पण यंदा मामाजींच्या बोअरला गोड पाणी लागलं, म्हणून मारोतीसमोर रोडग्यांचं जेवण होतं. रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेला कणकेचा गोळा. तो वरणात कुस्करायचा, वर तूप, जोडीला वांग्याची भाजी. मग जेवणाऱ्याने कुणाशी बोलू नये.

"बापू, साठ आवतनं झाले," मामाजी म्हणाले. "चूलबंद. आता किती रोडगे लागतीन ते तुमी सांगा. मास्तर मानूस घरात असल्यावर दुसऱ्याले काहून इचारू?"

मला भरून आलं. चौदा वर्षांत सासरच्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं! मी स्वराकडे पाहिलं आणि पैज लावली. माझा हिशोब बरोबर निघाला, तर तिने प्रमाणाचा अख्खा सरावसंच कुरकुर न करता सोडवायचा. चुकला, तर 'व्यवहारात गणित उपयोगी पडतं' हे वाक्य मी तिच्यासमोर जन्मात उच्चारायचं नाही.

आता 'चूलबंद' म्हणजे काय? मी राजापेठेत वाढलो. आमच्याकडे आमंत्रण मोबाइलवर येतं. मी तर्क लढवला: रोडगे गोवऱ्यांवर होणार, म्हणजे चुलीचं काम नाही, म्हणजे चूल बंद. (हाच तर्क मी मुलांना शिकवतो. फी घेऊन!) साठ आवतनं म्हणजे साठ माणसं. आयत्या वेळी येणारी पंधरा. माणशी दीड रोडगा. उत्तर आलं, एकशे साडेबारा. अर्धा रोडगा भाजता येत नाही, म्हणून एकशे तेरा. एका रोडग्याला दीडशे ग्रॅम कणीक, म्हणजे एकूण सोळा किलो नऊशे पन्नास ग्रॅम.

"सगळे धरले ना?" बायकोने, सुनीताने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"सगळे धरले! वर पंधरा जास्त!"

मामाजींना आकडा कळवला.

"एकशे तेरा?"

"थोडे उरतीलच, मामाजी."

"बरं... बापू म्हणतेत त पुरतीनच."

जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही त्या घराची रीत. जावई म्हणाला सूर्य पश्चिमेला उगवतो, तर मामाजी खाटेची दिशा बदलतील. पुढे कळलं, की शहरात एखादा नवीन, मोठ्या आकाराचा रोडगा निघाला असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

आदल्या दिवशी गहू घेऊन मी स्वतः गिरणीवर गेलो. गिरणीवाले सलीमभाई मामाजींचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बापू, रोडगे बनाना है के पेढे?"

"हिशोब करून आणलाय, सलीमभाई."

"अच्छा, हिशोब किया," ते म्हणाले आणि गिरणी सुरू केली. त्या आवाजात ते आणखी काहीतरी बोलले. ते मला ऐकू आलं नाही याचं आता समाधान वाटतं.

जेवणाच्या दिवशी एकशे तेरा रोडगे खरपूस भाजून तयार होते. मी कॉलर ताठ करून मारोतीच्या पाराशी उभा. पहिली बाई आली. तिच्या हातात पाच ताटं होती.

"एवढी ताटं कशाला हो?"

"जेवाले!" ती म्हणाली, आणि तिच्यामागून सासू, नवरा आणि दोन पोरं आली.

तिच्यामागच्या घराची सहा ताटं. त्यामागे सात. एक म्हातारे आजोबा तर नातवाच्या पाठीवर बसून आले. मी स्वराच्या कानात म्हटलं, "ही आयत्या वेळची पंधरा." ती म्हणाली, "बाबा, पंधरा कधीच संपले. मागे रस्ताभर माणसं आहेत."

मी सुनीताला गाठलं. "अगं, हे सगळे आले कसे?"

"येणारच! चूलबंद आवतन आहे ना?"

"म्हणजे?"

सुनीताने कपाळावर हात मारला. "अहो, चूलबंद म्हणजे त्या घरी आज चूलच पेटवायची नाही! लहानमोठं झाडून सगळं घर जेवायला! साठ आवतनं म्हणजे साठ घरं! चौदा वर्षं जावई आहात तुम्ही इथले!"

साठ घरांच्या चुली माझ्या सासऱ्याच्या शब्दावर बंद होत्या. गावात कुणाच्या घरी भाताचं शीत नव्हतं. आणि माझ्याकडे एकशे तेरा रोडगे होते.

एव्हाना स्वरा वही घेऊन रांगेत शिरली होती. "काकू, तुमच्या घरचे किती? आजी, तुमचे?" दहा मिनिटांत ती आली. "दोनशे त्र्याऐंशी, बाबा. दीड-दीड धरले तर चारशे पंचवीस रोडगे. तीनशे बारा कमी आहेत."

तेवढ्या धांदलीतही मला बरं वाटलं, की पोरीला गुणाकार येतो. मी लगेच मास्तर झालो. "हे बघ, चार माणसांनी दोन तासांत एकशे तेरा केले. तर एका तासात तीनशे बारा करायला किती माणसं लागतील? तेवीस!"

मी धावत जाऊन तेवीस माणसं गोळा केली. सलीमभाईंनी मी मागायच्या आतच दोन पोती कणीक पाठवली. (घरची होती. "मालूम था," एवढाच निरोप.) तेवीस माणसं एकाच परातीवर तुटून पडली. एकाचं डोकं दुसऱ्याला लागलं. कणकेत कुणाचं तरी घड्याळ गेलं, ते शेवटपर्यंत सापडलं नाही. कसेबसे गोळे झाले, तेव्हा आर धरून बसलेला आचारी गणपतभाऊ शांतपणे म्हणाला, "सर, रोडगा भाजाले एक घंटा लागते."

"पण आता माणसं तेवीस आहेत!"

"मानसं शंभर आना. आराले काय समजते?"

कुठल्याही सरावसंचात हे लिहिलेलं नाही!

मी मामाजींसमोर जाऊन उभा राहिलो. खरं सांगतो, रडू येत होतं. "मामाजी, चूक माझी. मला चूलबंदचा अर्थच माहीत नव्हता."

मामाजींनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि पारावर चढले. "मंडळी, आवतन म्या देल्लं अन् मोजलंबी म्याच. कमी पडलं त माह्यं चुकलं. लेकरं आन् म्हातारे आंधी बसवा. बाकीच्याईनं घंटाभर माह्यासाठी थांबाव."

मी तोंड उघडलं, पण त्यांनी हातानेच मला गप्प केलं. त्या माणसाने साठ घरांसमोर माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण तिथेही माणसांची गर्दी होती.

मग ती पाच ताटंवाली बाई उठली. "घंटाभर काहून थांबाव? पीठ हाये, चुली हायेत. आज बंद होत्या त आता पेटवू!" आणि बाया आपापल्या घराकडे पांगल्या. कुणी भाकरी थापल्या, कुणी पोळ्या लाटल्या. वरणात पाणी वाढलं, भाजीत आणखी वांगी पडली. तासाभराने राहिलेले रोडगेही आले, आणि गाव उठलं तेव्हा कुणी उपाशी नव्हतं. चूलबंद आवतनाला साठ चुली पेटल्याचं ते गावातलं पहिलंच जेवण.

परतताना गाडीत मी पैज हरल्याचं कबूल केलं. "ते वाक्य आता कधी बोलणार नाही."

"बोला की," स्वरा म्हणाली. "हिशोब तुमचा बरोबरच होता. फक्त तुम्ही कुणाला विचारलं नाही." घरी येऊन तिने सरावसंच काढला आणि सगळा सोडवला. भिंत बांधणारी आठ माणसं घरी जेवायला कधी जातात, असं समासात लिहून ठेवलं.

आता मामाजींचा फोन येतो तो थेट तिलाच. "पोरी, चाळीस घरं हायेत, सांग बरं." ती आधी घरोघरची माणसं विचारते, मग आकडा सांगते, आणि तो पुरतो. मी शेजारी बसून मान डोलावतो. मलाही मानाचं काम मिळालं आहे: पंगतीत पाणी वाढायचं. त्याला गणित लागत नाही, म्हणून खास माझ्यासाठी निवडलेलं.

मागच्या जेवणात दुसऱ्या पंगतीला पाणी कमी पडलं.