कोपऱ्यातलं युनिक्स

भिलाई-३ च्या दौलतराव ठवकरांचा राग नाकावरच असायचा, पण त्या वर्षी तो खाली उतरायलाच तयार नव्हता. रसमड्याच्या ज्या कारखान्यात रोलिंग मिलचे पोलाद लाटणारे रोल कातले जात, तिथे ते शिफ्ट इनचार्ज होते. शॉपच्या, म्हणजे कामाच्या शेडच्या, कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर, युनिक्स वर्कस्टेशन, होतं आणि रोलवरच्या खाचांची सगळी ड्रॉइंगं त्यातूनच निघत. पंखे बदलून, धूळ झाडून, दर वर्षी भंगाराच्या यादीतून भांडून सोडवून दौलतरावांनी ते जगवलं होतं. घरी बायको, कांताबाई, म्हणत, माझ्या गुडघ्यांची एवढी चौकशी केली असती तर मी धावले असते. त्यावरही ते चिडत.

त्यात वरून हुकूम आला. फ्लोअरवरच्या पीसीवरून या मशीनमध्ये शिरताना पासवर्ड उघडाच जातो, ते बंद करा आणि एसएसएच टाका, म्हणजे सगळी देवाणघेवाण कुलपात. हे काम निशा मेश्रामकडे आलं. नागपूरकडच्या रेल्वेवाल्यांची मुलगी, नोकरीत नवी. तिने ते टाकलं आणि मशीनने मान टाकली. माणूस पासवर्ड देऊन तंबाखू मळून घ्यायचा तरी पडदा कोराच. पुढे पुढे तर ड्रॉइंगची एकेक रेघ रांगत यायची आणि लेथ रिकामे उभे राहायचे.

दौलतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कँटीनमध्ये, चारचौघांत, त्यांनी निशाला झाडलं. म्हाताऱ्याच्या डोक्यावर सिमेंटची गोणी ठेवायची अक्कल कोणत्या कॉलेजात शिकवतात, असं विचारलं. पोरीने पोळी ताटात तशीच ठेवली, पण रडली नाही. मला पाहू तर द्या, एवढंच म्हणाली. पाहायला देतील ते दौलतराव कसले. ते तडक मॅनेजर गौरव साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि टेबलावर हात आपटून आपटून सांगितलं, या मशीनला हे ओझं पेलत नाही. साहेबांनी अगदी शांतपणे ऐकून घेतलं. तिथेच खरं तर शंका यायला हवी होती, पण रागाला कान नसतात.

दुसऱ्या दिवशी निशाने त्यांना मशीनपाशीच गाठलं. आता तीही तापलेली होती.

"काका, लॉगिन जड आहे, हाव, या मशीनले कुलपाचे हिशोब करता करता दम लागते. पण तेवढ्यानं ती मरत नाही. तुमचे लोक काम झाल्यावर लॉगिन बंद करून बाहेर कावून नाही पडत?"

शॉपचा रिवाज असा, की चालू मशीन चालूच पुढच्या शिफ्टच्या हाती द्यायची. बंद करून जाणारा कामचोर. आणि दुसऱ्याच्या हाताखालच्या कामाला हात लावायचा नाही, हाही रिवाजच. म्हणून जाणारा आपलं लॉगिन उघडं ठेवून जाई आणि येणारा ते न छेडता स्वतःचं नवं उघडे. जुन्या पद्धतीत हे खपून जायचं. आता प्रत्येक लॉगिन कुलपासकट मेमरीत ठाण मांडून बसे, आणि त्या मशीनची मेमरी ती केवढी. जागा संपली की ती सारखी डिस्कवर ठेव-काढ करत बसायची. हा रिवाज शॉपला लावला होता दौलतरावांनीच, शिव्या घालून घालून.

"मंग हे मले कालच कावून नाही सांगितलं?"

"काल तुम्ही बोलू देल्लं काय?"

दौलतरावांनी खुर्ची ओढून घेतली. दोघांनी मिळून सोडून दिलेली सगळी लॉगिनं बंद केली. आत शिरायला वेळ लागला तो लागलाच, पण ड्रॉइंग सरसर उमटलं. लेथवरच्या विक्कीने लांबूनच हात वर केला.

दौलतराव जवळजवळ पळतच केबिनमध्ये गेले. चूक आमची होती, मशीन ठणठणीत आहे, असं सांगताना त्यांना धाप लागली होती. गौरव साहेबांनी त्यांना पाणी दिलं. नवीन मशीनची ऑर्डर कालच गेली, म्हणाले, आणि जुनी न्यायला भंगारवाला सोमवारी येईल. इतकी वर्षं तुम्हीच आडवे येत होतात काका, तुम्हीच पेलत नाही म्हटल्यावर मी कशाला थांबू.

ते परत आले तेव्हा निशा अजून मशीनपाशीच होती. साहेब काय म्हणाले, तिने विचारलं. दौलतरावांनी पडद्यावरची धूळ बाहीने पुसली. राग होता, मस्त भरून आलेला, पण तो आता जाणार कुणावर.

"मीच देऊन आलो तिले भंगारात," ते म्हणाले. "कालच."