बूट काढायला लावणारा डॉक्टर

नव्वद सालाच्या सुमारास मी मस्कतला, हमरिया भागात, एका खासगी दवाखान्यात आया होते. फरशी पुसायची, भांडी उकळायची, पेशंटला आत सोडायचं. डॉक्टर वेस्ट इंडीजकडच्या एका बेटावरचा, काळा, उंच. आमच्या लोकांना त्या बाजूचं क्रिकेट सोडून काही ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे त्याला क्रिकेटवाला डॉक्टर म्हणत.

त्याची एक सवय होती. खोकला घेऊन या, नाहीतर कान दुखतो म्हणून या, तो आधी म्हणायचा, "शूज निकालो, माय फ्रेंड." नवीन माणूस हसायचा. पण डॉक्टरला आमचे लोक कळले होते. साखरेचा आजार असला की पायाला जखम होते, आणि आमचे लोक ती बुटात लपवतात. अर्बाबला, म्हणजे मालकाला, कळलं तर अनफिट ठरवून घरी पाठवतील, ही भीती. बुटातली जखम वासानेच कळायची, तरी माणूस म्हणायचा, कुछ नहीं, छाला है.

माझा नवरा त्यातलाच. हॉटेलात कुक, दिवसभर बूट घालून शेगडीपुढे उभा. त्याचा डावा पाय डॉक्टरने असाच पकडला आणि स्वतः पट्ट्या करून बरा केला. म्हणाला, महिन्याला दोन्ही पाय दाखवायचे. नवरा कुरकुरत यायचा, पण यायचा.

मग एक दिवस बातमी आली की डॉक्टरच्या देशाने त्याला राष्ट्रप्रमुख केलं. दवाखान्यात केक कापला. सगळे टाळ्या वाजवत होते. मी विचारलं, "उधर पेशंट देखेगा?"

"नहीं, आंटी."

"फिर क्या करेगा?"

"झेंडे को सलाम. भाषण पढ़ना. कानून पे साइन."

"कानून तुम बनाएगा?"

"वो दूसरे बनाएंगे. मैं खाली साइन."

"साइन तो कोई भी करेगा. पैर कौन देखेगा?"

तो हसला. रिसेप्शनवाली मला म्हणाली, "आंटी, चूप, आज तरी." मला तेव्हाही ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पेशंट बघणारा माणूस उचलून शोभेच्या खुर्चीत बसवायचा, आणि वर केक कापायचा!

नवा डॉक्टर भला होता, पण तो पेशंटचं तोंड बघायचा. बूट काढायला सांगायचा नाही. नवरा खूश. मी विचारलं की पाय ठीक आहे म्हणायचा, आणि मोजे स्वतः धुवायचा. मला कळलं तोवर पाय काळा पडला होता. गुडघ्याखालून कापला. चूक नवऱ्याची, हे मी त्याच्या तोंडावर सांगते. पण लपवणारे तेव्हाही होते, शोधणारा मात्र गेला होता.

नवऱ्याची नोकरी गेली. मुलगा कामाला लागला होता, त्याच्या व्हिसावर आम्ही मस्कतमध्येच, वादी अदाईला राहिलो. नवरा लाकडी पायावर चालायला शिकला. काही वर्षांनी उजव्या मोज्यावर मला डाग दिसला. मी म्हटलं, "चला हॉस्पिटलात." तो ऐकेना. "एक नेला, आता दुसराही नेतील. क्रिकेटवाला असता तर दाखवला असता."

त्याच दिवसांत तो डॉक्टर पाहुणा म्हणून मस्कतला आला. जुन्या लोकांना भेटायचं म्हणून त्याने आम्हाला हॉटेलात बोलावलं. बाकीचे गेले फोटो काढायला. मी नवऱ्याचा पाय दाखवायला गेले.

रांगेत आमचा नंबर आला. "माय फ्रेंड!" म्हणून त्याने हात पुढे केला, आणि नवऱ्याची चाल बघून थांबला. "किसने काटा?"

"तुम गया, फिर कटा," मी म्हटलं. नवऱ्याला खुर्चीत बसवलं, खाली बसले आणि उजवा बूट काढला, मोजाही. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. डॉक्टरबरोबरचा कोटवाला "मॅडम, प्लीज" करत धावला. पण डॉक्टर तोवर वाकला होता. अंगठ्याने दाबलं, वास घेतला, अगदी पहिल्यासारखा.

"आज हॉस्पिटल. कल नहीं."

"वो काटेगा," नवरा म्हणाला.

"अभी नहीं काटेगा. अभी दवा से होगा."

"तो दवा लिख के दो," मी म्हटलं.

त्याने कोटवाल्याकडे बघितलं. कोटवाल्याने नाही म्हणून मान हलवली. डॉक्टर हळू म्हणाला, "आंटी, मेरा साइन इधर नहीं चलेगा. मैं अब डॉक्टर का काम नहीं करता."

अख्ख्या देशाचे कायदे याच्या सहीने चालतात, आणि गोळ्यांच्या चिठ्ठीवर याची सही चालत नाही! मी तसं बोलले, मराठीतच, मोठ्याने. त्याला शब्द कळले नसतील, पण त्याने मान खाली घातली. कोटवाल्याने आम्हाला बाजूला केलं आणि पुढच्याला बोलावलं.

तिथूनच टॅक्सी करून हॉस्पिटलात गेलो. नवरा या वेळी मुकाट आला. औषधाने पाय भरला, वेळ लागला, पण वाचला.

नवरा आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "त्याने बघितला म्हणून पाय वाचला." मी म्हणते, "उभ्या उभ्या बघितला तर एक वाचला. दवाखान्यात राहिला असता तर दोन्ही असते."

"देशाने बोलावल्यावर माणूस नाही कसं म्हणेल?" तो म्हणतो.

देशाला सही करायला दुसरा कोणी मिळाला नसता का, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.