उतरलेली छत्री

आम्ही तिघी बहिणी, आणि मी शेवटची. बसवनगुडीतल्या आमच्या घरात वर्षातून दोनदा, युगादीला आणि दसऱ्याला, नवं कापड यायचं. ते अक्कासाठी शिवलं जायचं. अक्काला आखूड झालं की मधलीला, आणि मधलीला आखूड झालं की मला. थोरलीच्या अंगावरून धाकटीच्या अंगावर आलेल्या कपड्याला आमच्याकडे ‘उतरलेलं’ म्हणत. त्यात कमीपणा कुणाला वाटत नसे. निदान थोरल्या दोघींना वाटत नसे, कारण एकीला ते कधी घालावंच लागलं नाही आणि दुसरीकडे ते जरा ताजं असताना पोचायचं.

एक हिरवा फ्रॉक होता, पिवळ्या काठांचा. अक्काच्या अंगावर तो पाहिला तेव्हापासून मी त्याची वाट बघत होते. माझ्यापर्यंत यायला त्याला इतकी वर्षं लागली की हिरवा रंग पालकाच्या उकळलेल्या पाण्यासारखा झाला होता. तरी मी तो घातला, खूप घातला. मग एका सकाळी स्वयंपाकघरात आले तर आई त्याच फ्रॉकनं फरशी पुसत होती. माझ्यामागे कुणी नव्हतंच, त्यामुळे माझ्याकडे आलेल्या वस्तूला पुढे जायला जागा नसायची. त्या दिवशी मी जेवले नाही. का, ते कुणालाच सांगितलं नाही.

पुढे मी दातांची डॉक्टर झाले आणि बनशंकरीत दवाखाना टाकला. पहिली खुर्ची घेतली ती निवृत्त होणाऱ्या एका डॉक्टरांची. राहतं घरही दुसऱ्या हातचंच, आधीच्या मालकांच्या मुलाच्या उंचीच्या खुणा अजून दाराच्या चौकटीवर आहेत. नवरा तेवढा कोरा मिळाला असं मी म्हणते. तोही स्वल्प वापरलेला असावा अशी अक्काची शंका आहे.

चाळिशी उलटल्यावर मला विमानातून उडी मारायचं वेड लागलं. थायलंडला सुट्टीत गेलो होतो, तिथे प्रशिक्षकाच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधून घेऊन एकदा उडी मारली, आणि खाली आल्यावर नवऱ्याला सांगितलं की पुढची सुट्टीही इथेच. त्याने हात वर केले. मग मी एकटी जाऊन रीतसर शिकले, परवाना मिळवला. या सगळ्या उड्या भाड्याच्या सामानावर. रोज वेगळी रिग, रोज वेगळ्या माणसाच्या घामाचा वास. रिग म्हणजे पाठीवर बांधायचं पट्ट्यांचं दप्तर. त्यात दोन छत्र्या असतात, एक नेहमीची आणि एक राखीव, आणि तुमचं भान हरपलं तर राखीव छत्री आपोआप उघडणारं एक छोटं यंत्र. एका टप्प्यानंतर सगळे स्वतःची रिग घेतात. मीही घ्यायचं ठरवलं, आणि ती नवीनच घ्यायची हेही ठरवलं.

यात विचार असा काही केलाच नव्हता. नवीन रिग तुमच्या मापाने शिवून मिळते. खांद्याची रुंदी, मांडीचा घेर, पाठीची लांबी, सगळं कळवायचं, रंग निवडायचे आणि काही महिने थांबायचं. रुग्ण नसले की मी दवाखान्यात कंपनीच्या संकेतस्थळावर रंग भरून बघत बसायचे. एका दुपारी अक्का डबा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून डोकावली. ती माझ्यापासून तीन गल्ल्या पलीकडे राहते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या जेवणाची चिंता ती नोकरीसारखी करते.

“हे काय गे?” तिने विचारलं.

“छत्रीचं दप्तर. रंग ठरवतेय.”

तिने चष्मा वर केला, पडदा नीट पाहिला. “हा माझा फ्रॉक आहे,” ती म्हणाली. “मग मधलीचा. मग तुझा.”

मी पाहिलं. हिरवा, पिवळ्या काठांचा. इतके दिवस रंग बदलून बदलून मी तिथेच येऊन थांबत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.  अक्काने डबा उघडून माझ्यासमोर ठेवला.

अडचण अशी झाली की ज्याला विचारावं तो जुनी घे म्हणत होता. येलहंकाला राहणारी, मूळची पुण्याची एक मुलगी माझ्यासारखीच उड्या मारायची. आयटीत होती, माझ्याहून बरीच तरुण, पण या खेळात माझी थोरली. अंगाने माझ्याएवढीच. तिला तिची रिग विकायची होती. ती फोनवर म्हणाली, “ताई, सिरियसली सांगते, फर्स्ट रिग नवीन नका घेऊ. तुम्ही आत्ता मोठी कॅनोपी उडवताय ना? हात बसला की लहान घ्यायची असते. मग हे सगळं तुम्हाला मोठं होणार.”

कॅनोपी म्हणजे छत्रीचं कापड. हे मला ठाऊक होतं, पण असं समोर मांडल्यावर हसू आलं. आमच्या लहानपणी कपडे वाढत्या अंगाचे शिवत, आत दोन-दोन टिपा घालून, मूल वाढेल तशा उसवायच्या. हा खेळ उलटा. नवशिक्याला छत्री मोठी, कारण मोठी छत्री सावकाश उतरवते आणि चुका पोटात घालते. जसजसं यायला लागेल तसतशी ती लहान होत जाते. म्हणजे मी माझ्या मापाची, माझ्या रंगांची जी रिग शिवून घेणार, तिच्यातून मी वर्षा-दोन वर्षांत बाहेर पडणार. डोक्याला पटलं. मन मात्र रुसून बसलं. आयुष्यात एकदा, निदान एकदा, एखादी गोष्ट पहिल्यांदा माझ्या अंगावर यावी एवढंच मला हवं होतं, आणि तेसुद्धा शहाणपणात बसत नव्हतं.

आश्चर्य म्हणजे अक्का माझ्या मनाच्या बाजूने निघाली. “कुणाचं तरी उतरलेलं घालून विमानातून उडी मारणार? बेडा,” ती म्हणाली. नको म्हणायला आम्ही तिन्ही बहिणी कन्नडातलं ‘बेडा’च म्हणतो. “पैसे कमी पडत असतील तर मी घालते. नवीन घे.”

“पैशांचं नाही गे.”

“मग मी येते बघायला.”

त्या रविवारी आम्ही दोघी येलहंकाला गेलो. अक्काच्या मांडीवर कोडबळ्यांचा डबा, कारण कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, मग तिथे छत्री घ्यायची असो की मुलगी बघायची. त्या मुलीने रिग तिच्या इमारतीच्या बॅडमिंटन कोर्टवर आणून ठेवली होती. रिग तपासून राखीव छत्री बांधायचा परवाना असलेल्या माणसाला रिगर म्हणतात. असे लोक आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके. एक रिगर कामासाठी शहरात आलेला होता, त्याला मी बोलावून घेतलं होतं, कारण विकणारीचा शब्द कितीही गोड असला तरी घेणाऱ्याने तपासणी आपल्या माणसाकडून करून घ्यायची.

त्याने सगळं बाहेर काढलं. कापड उजेडाकडे धरून पाहिलं, दोऱ्या ताणून एकमेकींशी मोजल्या, कड्या वाकवून पाहिल्या, यंत्राची मुदत किती उरली आहे ते वाचलं. सकाळ सगळी गेली त्यात. शेवटी त्याने सांगितलं की राखीव छत्री फारशी वापरलेलीच नाही, दप्तर धड आहे, आणि नेहमीच्या छत्रीच्या दोऱ्या पुढच्या वर्षी बदलाव्या लागतील. रंगांबद्दल कुणी काही म्हणालं नाही. जांभळा आणि केशरी. लग्नाच्या मांडवाला शोभतील असे.

मी पट्टे आवळून पाहिले. दप्तर पाठीला असं बसलं की माझ्यासाठीच शिवलं असावं. हे मला आवडलं नाही.

मग त्या मुलीने मला छत्रीची घडी घालून बघायला सांगितलं. “नवीन कापड फार स्लिपरी असतं, ताई. माझ्या मित्राने नवीन घेतली, तो पहिले दोन महिने फक्त तिच्याशी कुस्ती खेळत होता.” मी गुडघ्यांवर बसून घडी घालायला लागले. कापड हाताखाली मुकाट्याने निजलं. कोऱ्या सुती साडीची आणि दहा धुण्यांच्या साडीची घडी ज्याने घातली आहे त्याला यातला फरक सांगावा लागत नाही. अक्काही न सांगता दुसऱ्या टोकाला येऊन बसली आणि तिने कापड धरून ठेवलं.

कॉफी आली. अक्काने कोडबळी पुढे केली आणि बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्या मुलीकडे पाहिलं.

“ही तुझी पहिल्यापासूनची?”

“नाही काकू, मीपण सेकंडहँडच घेतलेली. माझ्या आधी एक स्पेनची बाई होती.”

“ती आहे ना?”

मुलीला आधी प्रश्न कळला नाही. मग ती हसली. “आहे, आहे. परवाच फोटो टाकलाय तिने. तिची मुलगी आता उड्या मारते.”

“म्हणजे ती पहिली, तू दुसरी,” अक्का तिला म्हणाली, मग माझ्याकडे बघून, “आणि ही इथेही तिसरीच.”

मला हसायचं नव्हतं, पण हसले.

“तू हे घालून किती वेळा उड्या मारल्यास?” अक्काने पुढे विचारलं.

“तीनशेच्या वर.”

“आणि सगळ्या वेळी नीट उतरलीस?”

“एकदा पाय मुरगळला. ती माझी चूक होती, मी लक्ष दिलं नाही. छत्री नीट उतरली.”

अक्काने कॉफीचा पेला खाली ठेवला.  “सरी, ठीक आहे,” ती म्हणाली. “मग उतरलेलीच घे. न उतरलेली घेऊन काय करायचंय?”

आमच्या घरातल्या त्या शब्दाकडे मी जन्मभर कपड्यांच्या बाजूने पाहिलं होतं. त्याला ही बाजू आहे हे मला सुचलं नव्हतं. मी तिथेच हो म्हणून टाकलं.

परत येताना हेब्बाळला गाड्या तुंबल्या होत्या. मागच्या सीटवर रिग, पुढे आम्ही दोघी. निर्णय योग्य झाला होता आणि मला रडू येत होतं, दोन्ही एकदम. अक्काला ते सांगावं लागलं नाही.

“मला सगळं नवीन मिळालं खरं,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “पण एकही मापाचं नाही. सगळं वाढत्या अंगाचं. शाळेत मला तंबू म्हणायचे. मापाला यायला लागलं की आई म्हणायची, आता मधलीला होईल. तुला सगळं मऊ मिळायचं, मापाचं मिळायचं. मी बघत बसायची.”

“हे कधी बोलली नाहीस.”

“थोरलीने काय बोलायचं?”

गाड्या हलल्या. तंबूवरून मला मधेच हसू फुटलं, तेव्हा तीही हसली.

हिवाळ्यात म्हैसूरजवळ उड्यांचा कॅम्प लागला. या रिगवरची पहिली उडी मी तिथे मारली. अक्का आली होती, टोपी घालून, खुर्ची घेऊन. वर दार उघडलं तेव्हा मला भीती वाटली, दर वेळी वाटते, पण पट्टे खांद्याला बसलेले होते आणि हात कुठे जायचा ते हाताला माहीत होतं. छत्री उघडली. डोक्यावर जांभळं आणि केशरी पसरलं. खालच्या शेतांच्या हिरव्यावर ते इतकं छान दिसलं की मांडवाबद्दलचे माझे शब्द मी मनात मागे घेतले. मग वळत वळत, सावकाश, गवतावर दोन पायांवर उतरले.

अक्का चालत आली. तिने आधी मला नखशिखांत पाहिलं, मग कापडाला हात लावला.

“आता ही फाटेपर्यंत तूच वापरणार?”

“नाही गे. वर्ष-दोन वर्षांत लहान घ्यायची.”

“मग हिचं काय?”

“कुणाला तरी देईन. माझ्या अंगाची, नुकती शिकलेली कुणीतरी मिळेल.”

अक्का छत्रीच्या दोऱ्या गोळा करायला मला मदत करत होती, ती थांबली. “म्हणजे फरशी पुसायला नाही जाणार,” ती म्हणाली.

तिला माहीत होतं. त्या दिवशी मी का जेवले नाही ते तिला इतकी वर्षं माहीत होतं. मी कापड पोटाशी धरून गवतावर उभी राहिले, आणि मला काय हवं होतं ते तेव्हा कुठे मला नीट कळलं. मला पहिली व्हायचं नव्हतं. फक्त शेवटची राहायचं नव्हतं.

“नाही जाणार,” मी म्हणाले.

“मग जपून वापर,” अक्का म्हणाली. “उद्या कुणीतरी तुझं उतरलेलं घालणार आहे.”